आधी भोकं मोजा

पत्र: 'मार्चमध्ये बँकेतून निवृत्त झालो. चिंचवडला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. मागची बाल्कनी बंदिस्त करून सहा बाय चार फुटांचं वर्कशॉप थाटलंय. वडिलांची करवत, रंधा, दोन पटाश्या आणि गुण्या एवढी पुंजी. त्यांचं हाताने फिरवायचं ड्रिलही आहे, पण गेल्या वर्षी उजवा खांदा आखडला, तेव्हापासून ते फिरवणं होत नाही. म्हणून बॅटरीवरचं घ्यायचंय. करायचंय ते असं: एक सागवानी चौरंग, पुस्तकांची मांडणी, स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या सैल झालेल्या बिजागऱ्या, भिंतीवर चार फोटो आणि नातीसाठी हॉलमध्ये झोपाळा. दुकानदार म्हणतो, बॅटरीच्या नादी लागू नका, वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल घ्या. पुतण्याने ऑनलाइन ४८ व्होल्टचा सेट दाखवला, तो सगळ्यांत स्वस्त आहे. मुलगा दिवाळीला न्यू जर्सीहून येतोय, तो म्हणतो मी इकडूनच आणतो. बजेट दहा हजार. कोणाचं ऐकू?' (एक वाचक, चिंचवड)

स. न. वि. वि.

दुकानदार, पुतण्या आणि मुलगा, तिघांनीही तुम्हाला मशीन सांगितलं. भोकं कशात पाडायची आहेत, हे तिघांपैकी कोणीच विचारलेलं दिसत नाही. तुमची यादी परत वाचली. चौरंग, मांडणी, बिजागऱ्या म्हणजे लाकूड आणि प्लाय. चार फोटो म्हणजे भिंतीतली चार-सहा भोकं, तीही सहा मिलिमीटरची. झोपाळा म्हणजे स्लॅबमधली मोठी भोकं, तीही आयुष्यात एकदाच. वर्षभराचा हिशेब केलात तर दहातली नऊ भोकं लाकडात निघतील, आणि दर भोकामागे एक स्क्रू आत पिळायचा किंवा बाहेर काढायचा असेल. खांदा त्या पिळण्यानेच दुखतो, भोकाने कमी.

तेव्हा झोपाळा यादीतून तूर्त बाजूला काढा. त्याच्याकडे शेवटी येतो. घरोघरी हीच गफलत होते. सगळ्यांत अवघड भोक डोळ्यांसमोर ठेवून मशीन घेतलं जातं. मग ते जड धूड उचलून कपाटाच्या आत वाकून स्क्रू पिळायची वेळ आली की माणूस मुकाट्याने पेचकस हातात घेतो.

उरलेल्या यादीसाठी १२ व्होल्टचं, दोन बॅटऱ्यांचं, १० मिलिमीटर चकचं (चक म्हणजे टोक पकडणारं ड्रिलचं तोंड) ड्रिल पुरेसं आहे. बॅटरीसकट वजन एक किलोच्या आसपास. १८ व्होल्टचं त्याच्या दीडपट, कधी त्याहूनही जास्त. दुकानात उभ्या उभ्या पाच सेकंद धरून हा फरक कळत नाही. खांद्याच्या उंचीवर हात लांब करून मिनिटभर धरून बघा. दुकानदार हसेल, हसू द्या.

आता व्होल्टचा घोळ. लिथियमच्या एका सेलचा धरून चालायचा दाब ३.६ व्होल्ट, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. अशा तीन सेलची बॅटरी म्हणजे १०.८ व्होल्ट. खोक्यावर तिलाच १२ लिहितात. पाच सेल लावले की १८. हेच पाच सेल अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स म्हणून विकतात, आणि आपल्याकडच्या काही स्वस्त ड्रिलांवर २१ असं छापतात. १८, २० आणि २१ या आकड्यांच्या आत तेच पाच सेल असतात. इथपर्यंत फार तर जाहिरातीची चलाखी म्हणू. पण पुतण्याच्या ४८ व्होल्टला तेरा सेल लागतील. एक सेल साधारण बोटाएवढा जाड आणि साडेसहा सेंटिमीटर लांब असतो. तळहातावर मावणाऱ्या त्या बॅटरीत तेरा सेल कुठे बसवलेत, एवढंच पुतण्याला विचारा. काही खोक्यांवर आकड्यापुढे 'व्हीएफ' अशी अक्षरं असतात, तो व्होल्टच नव्हे. नुसती सजावट आहे.

ताकद बघायचीच तर दोन आकडे बघा. पहिला टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर. चांगल्या १२ व्होल्टच्या ड्रिलला तो तीसेक न्यूटन-मीटर असतो. चाळीस मिलिमीटरचा स्क्रू सागवानात डोक्यापर्यंत बसवायला एवढा भरपूर झाला, मात्र आधी बारीक भोक पाडलेलं हवं. दुसरा आकडा अँपिअर-अवर. त्याला व्होल्टने गुणलं की बॅटरीत एकूण किती ऊर्जा मावते ते कळतं. बॅटरी २ अँपिअर-अवरची असेल तर १०.८ गुणिले २ म्हणजे २१.६ वॉट-अवर. मांडणीचे सगळे स्क्रू मारून झाले तरी संपायची नाही. आणि संपली तर दुसरी चार्जरवर असतेच. म्हणून तर दोन हव्यात. एका मोठ्या बॅटरीपेक्षा दोन लहान बऱ्या, हलक्याही पडतात.

माझी एक जुनी चूक सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी असाच एक सेट घेतला होता. लाल सुटकेस, आत शंभर बिटं (चकमध्ये बसवायची टोकं), टॉर्च आणि १४.४ व्होल्टच्या दोन निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या. घरी आणल्यावर मुलांनी सुटकेस उघडून बिटांना हात लावू की नको करत नुसतं बघत बसावं, असा थाट. दोन पावसाळ्यांत दोन्ही बॅटऱ्या बसल्या. नव्या शोधायला रविवार पेठेतली बोहरी आळी पालथी घातली. प्रत्येक जण बॅटरी हातात घेई, उलटी करी, खालची खाच बघे आणि परत देई. ती खाच दुसऱ्या कशातच बसत नव्हती. ड्रिलची मोटर आजही ठणठणीत आहे. माळ्यावर आहे.

तेव्हापासून मी म्हणतो, ड्रिल घेताना खरी सोयरीक बॅटरीशी होते. कंपनी कुठलीही घ्या. बॉश आहे, मकिता आहे, डीवॉल्ट आहे, थोडा हात आखडता असेल तर इन्को, टोटल आहेत. पण बिल करायच्या आधी दुकानदाराला विचारा, "याची नुसती बॅटरी आत्ता आहे का तुमच्याकडे, आणि केवढ्याला?" बॅटरी फळीवरून काढून समोर ठेवली तर पुढे बोलायचं. 'मागवून देतो' म्हणाला तर दुसरं दुकान बघायचं. आणि एका कंपनीची बॅटरी घरात आली की पुढे जिगसॉ घ्या, सँडर घ्या, त्याच घराण्यातलं घ्या, नुसतं मशीन, बॅटरीशिवाय. तेवढे पैसे वाचतात. पण एकाच कंपनीचं १२ व्होल्टचं घराणं वेगळं आणि १८ चं वेगळं, एकाची बॅटरी दुसऱ्यात जात नाही. पुढेमागे गोल करवत किंवा ग्राइंडर घ्यायचा पक्का विचार असेल तरच आत्ता १८ मध्ये शिरा. सहा बाय चारच्या बाल्कनीत तो मला तरी दिसत नाही.

मुलाचं म्हणणं प्रेमाचं आहे, पण नको. अमेरिकेत विकले जाणारे बहुतेक टूल-चार्जर १२० व्होल्टचे असतात. आपल्याकडे २३० येतात. नुसती पिन बदलणारा अडॅप्टर लावून तो चार्जर भिंतीत खुपसला की पहिल्याच दिवशी त्याचं श्राद्ध. वर वॉरंटीचं काम इथे होईलच असं नाही. विमानाचे नियमही लक्षात ठेवायला हवेत: ड्रिल चेक-इनच्या बॅगेत, सुट्या बॅटऱ्या मात्र केबिनमध्ये सोबत, आणि शंभर वॉट-अवरपर्यंतच्याच बिनपरवानगी. एवढी यातायात करून त्याने आणायचंच असेल तर बिटं आणू देत. चांगल्या पोलादाचा बिटांचा संच, स्क्रूची चांगली टोकं. त्यांना ना चार्जर लागतो ना वॉरंटी.

आता दुकानदाराकडे येऊ, कारण तो खोटं बोलत नाहीये. भिंतीसाठी वायरवालं इम्पॅक्ट बॅटरीवाल्यापेक्षा जोरदार असतंच. पण त्याने भिंत कसली आहे हे विचारायला हवं होतं, आणि तुम्हाला ते ठाऊक असायला हवं. पिंपरी-चिंचवडमध्ये तीन तऱ्हेच्या भिंती सापडतात. जुन्या इमारतीत वीट. नंतरच्या पुष्कळ इमारतींत ते पांढरट राखाडी हलके ब्लॉक, ज्यांना आपण सरसकट सिपोरेक्स म्हणतो. आणि काही टॉवरमध्ये मायवान, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसकट सगळं काँक्रीटच ओतलेलं. तिथले लोक राहायला आल्यावर पहिला खिळा ठोकताना वाकवतात आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर विचारतात.

बिल्डरला विचारायची गरज नाही. पलंगामागे, कोणाला दिसणार नाही अशा जागी, एक पाच मिलिमीटरचं भोक पाडा आणि पडणारी भुकटी कागदावर धरा. वरचं प्लास्टर आधी राखाडीच येईल, त्यावरून काही ठरवू नका. दीड-दोन सेंटिमीटर आत गेल्यावर लाल आली तर वीट. पांढरट, पिठूळ आणि बिट लोण्यात शिरावं तसं आत गेलं तर ब्लॉक. राखाडीच राहिली, बारीक आणि गरम, आणि बिट जागच्या जागी किंचाळायला लागलं, तर काँक्रीट. तिथे थांबा, जोर लावत बसू नका.

विटेत १२ व्होल्टचं हॅमरवालं, म्हणजे फिरता फिरता ठोकेही देणारं, ड्रिल सहा-आठ मिलिमीटरचं भोक बिनबोभाट पाडतं. म्हणून घेताना हॅमरची सोय असलेलंच घ्या, चक्रावर हातोडीचं चिन्ह असतं. ब्लॉकच्या भिंतीत मात्र हॅमर बंद ठेवा. नुसतं फिरवलं तरी जातं. हॅमर लावलात तर भोक ऐसपैस होतं आणि गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लास्टिकची नळी) आत गरागरा फिरत राहते. वजनदार वस्तू टांगायची असेल तर ब्लॉकसाठी लांब गिट्टी वेगळी मिळते, ती मागा.

आणि काँक्रीट? तिथे ना बॅटरीवालं साधं हॅमर, ना दुकानदाराचं इम्पॅक्ट. या दोन्हींच्या पोटात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासत थरथरतात, आणि आपण मागून दाबू तेवढाच ठोका बसतो. म्हणजे अर्धं काम खांद्याचं. काँक्रीटसाठी रोटरी हॅमर लागतो. त्यात दट्ट्या असतो आणि हवेच्या गादीवरून तो बिटाच्या बुडावर आपटतो. आपण नुसतं सरळ धरायचं. बिटही वेगळं, खाचा असलेलं, एसडीएसचं. एसी बसवायला येणारा जे मशीन घेऊन येतो ना, तेच. दुकानदाराचं ऐकून इम्पॅक्ट घेतलं असतंत तर मायवानच्या भिंतीपुढे तेही दमलं असतं, आणि कपाटाच्या बिजागरीला त्याचा उपयोग शून्य, कारण बहुतेकांना स्क्रू पिळण्यासाठीचा क्लचच नसतो.

क्लच म्हणजे चकच्या मागे आकडे कोरलेलं जे कडं फिरतं ते. निम्मे लोक ते कधी फिरवतच नाहीत, आणि माझ्या मते ड्रिलमधली सगळ्यांत शहाणी गोष्ट तीच आहे. ठरलेल्या जोरानंतर ते 'टर्रर्र' करतं आणि चक फिरायचं थांबतं. स्क्रूचं डोकं लाकडात बुडत नाही, खाच झिजत नाही, मनगट मुरगळत नाही. पहिल्या दिवशी प्लायचा एक तुकडा घ्या, आकडा पाचवर ठेवून एक स्क्रू मारा. डोकं वर राहील. सात करा, नऊ करा. ज्या आकड्याला डोकं पृष्ठभागाशी सपाट बसून टर्रर्र होईल, तो आकडा पेन्सिलने बाल्कनीच्या भिंतीवर लिहून ठेवा. सागवानासाठी वेगळा, प्लायसाठी वेगळा. माझ्या भिंतीवर असे सात-आठ आकडे आहेत, आणि बायको दर दिवाळीच्या रंगाला विचारते, हे पुसायचं का.

वरच्या बाजूला १ आणि २ असा गिअरचा खटका असतो. १ म्हणजे सावकाश पण जोरदार, २ म्हणजे भरभर. स्क्रू आणि मोठी भोकं १ वर, बारीक बिटं २ वर. यात अधिक काही नाही.

चौरंगासाठी एक सांगतो, तुमचं सागवान महाग आहे म्हणून. बाजारात ते काळे ड्रायवॉल स्क्रू सर्रास देतात. सुतारही वापरतात. ते कडक असतात आणि ठिसूळही. सागवानात आधी भोक न पाडता पिळले की टिचकन तुटतात, आणि अर्धा तुकडा आत राहतो. तो काढायला पटाशीने लाकूड उकरावं लागतं. चार मिलिमीटरचा स्क्रू असेल तर आधी तीन मिलिमीटरचं भोक पाडा. स्क्रूच्या आट्यांना थोडं मेण लावा, मेणबत्तीचं चालेल. आणि आरपार भोक पाडताना खाली टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट धरून ठेवा, नाहीतर बिट बाहेर पडताना पलीकडची कड उचकटते. चौरंगाची ती बाजू नेमकी पाहुण्यांकडे येते.

बिजागऱ्यांना तर ड्रिल जवळजवळ लागतच नाही. कपाटाच्या ऑटो हिंजच्या (दार आपोआप ओढून घेणाऱ्या बिजागरीच्या) वाटीचं ३५ मिलिमीटरचं भोक आधीच असणार, सैल झालेत ते बाजूचे स्क्रू. त्यांच्या भोकांत फेव्हिकॉल लावलेल्या काड्यापेटीच्या दोन-तीन काड्या खोचा (गूल काढून, अर्थात), रात्रभर वाळू द्या, वर आलेला भाग कापा आणि सकाळी तोच स्क्रू परत पिळा. फक्त जुन्या साध्या बिजागऱ्या काढून नव्याने ऑटो हिंज लावणार असाल तरच ३५ चं वाटीचं बिट घ्या. १२ व्होल्टचं ड्रिल ते १ च्या गिअरवर पेलतं.

'ब्रशलेस घ्या' असंही तुम्हाला कोणी तरी सांगेल. त्याच्या मोटरमध्ये घासणारे कार्बनचे ब्रश नसतात, त्यामुळे झिजायला एक गोष्ट कमी, आणि तेवढ्याच बॅटरीत काम जास्त होतं. दिवसभर मशीन चालवणाऱ्या सुताराला त्याचे पैसे वसूल होतात. तुम्हाला आठवड्याला वीस स्क्रू मारायचे आहेत. दहा हजारांत दोन बॅटऱ्या आणि ब्रशलेस दोन्ही बसत असेल तर हरकत नाही. एका बॅटरीवर पाणी सोडून ब्रशलेस घेऊ नका. बजेटमधले हजारभर रुपये बाजूला ठेवा, लाकडाची बिटं, भिंतीची बिटं, स्क्रूच्या टोकांसाठी लोहचुंबकाचा होल्डर आणि फळी आवळून धरायला दोन जी-क्लॅम्प यांसाठी. एका हाताने फळी धरून दुसऱ्या हाताने भोक पाडायचं नाही. बिट अडकलं की फळी पंख्यासारखी फिरते.

दुकानात गेल्यावर चकमध्ये एक लांब बिट लावून सावकाश फिरवायला सांगा आणि टोकाकडे बघा. टोक एका जागी राहिलं पाहिजे. ते लहानसं वर्तुळ काढत असेल तर चक वाकडा आहे, दुसरा नग मागा. बोटाखालचा चालू करायचा खटका अगदी हलका दाबून बघा, चक मुंगीच्या पावलाने फिरायला हवा. सोडला की जागच्या जागी थांबायला हवा. बिल पक्कं घ्या.

बॅटरी 'पूर्ण उतरवून मगच चार्ज करा' हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो त्या जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. लिथियमला तो उलट मारक. वाटेल तेव्हा लावा, वाटेल तेव्हा काढा. महिनाभर वापरणार नसाल तर अर्धी भरलेली ठेवा, आणि बाल्कनीत ठेवू नका. तुमची बाल्कनी पश्चिमेची असेल तर एप्रिलमध्ये बंद काचेमागे काय तापतं ते तुम्हीच जाणता. आतल्या कपाटात ठेवा. वापरून गरम झालेली असेल तर निवल्यावरच चार्जरला लावा.

भिंतीत भोक पाडण्याआधी आजूबाजूला कुठे बटणांची पाटी, प्लग किंवा नळ आहे का ते बघा. वायरची पाइप साधारणपणे पाटीच्या सरळ वर किंवा सरळ खाली जाते, नळाचीही तशीच. त्या उभ्या रेषा सोडून द्या. डोळ्यांना चष्मा लावा, तुमचा वाचायचा नव्हे. आणि भोकाखाली एक जुना लिफाफा उघडून चिकटवा, भुकटी सगळी त्यात पडते, वहिनींच्या सोफ्यावर नाही.

राहिला झोपाळा. तो गिट्टीवर टांगायचा विचारही करू नका. झोका खाली येतो त्या क्षणी कड्यांवर बसणाऱ्याच्या वजनापेक्षा जास्त भार येतो, आणि नातीचा झोपाळा म्हटलं तरी त्यावर पहिले तुम्ही बसणार. तिथे अँकर फास्टनरच (काँक्रीटच्या भोकात फुलून घट्ट बसणारा लोखंडी बोल्ट) लागतो आणि रोटरी हॅमरच लागतो. शिवाय पंख्यांच्या वायरच्या पाइपा स्लॅबच्या पोटातूनच गेलेल्या असतात. इमारतीचे नकाशे सोसायटीच्या ऑफिसात असतील तर काढा, इंजिनिअरला जागा दाखवा, आणि मशीनवाल्याला बोलावून अर्ध्या तासात काम उरका. भाड्याचं मशीन आणून स्टुलावर चढून, डोक्यावर हात धरून तुम्ही ते करणार असाल तर खांद्याच्या डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेवा. इंजिनिअर नाही म्हणाला तर लोखंडी स्टँडचा झोपाळा मिळतो. नातीला फरक पडत नाही.

पलंगामागचं भोक पाडलंत की भुकटी कुठल्या रंगाची आली ते कळवा. फोटोंसाठी कुठल्या मापाची गिट्टी घ्यायची ते त्यावर सांगतो.